लॅपटॉपचे पडलेले रबरी पाय: आधी उंची मोजा, मग गोंद निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, सेकंड-हँड घेतलेला १४ इंची लॅपटॉप मुलगी कॉलेजच्या कामासाठी वापरते. खालच्या चार गोल रबरी पायांपैकी मागचा डावा आणि पुढचा उजवा कुठेतरी पडून हरवलेत. टाइप करताना लॅपटॉप डुलतो आणि पंखाही हल्ली सारखा जोरात फिरतो. दुकानदार म्हणतो, ‘पाय सुटे येत नाहीत, पूर्ण बेस बदलावा लागेल.’ घरच्यांचं म्हणणं, खोडरबर कापून फेविक्विकनं चिकटवून टाका. यातलं काय करावं?

यातलं काहीच करू नका. बेस बदलण्याइतकं हे काम मोठं नाही, आणि फेविक्विक तर लॅपटॉपजवळ आणूच नका. लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली आहेत. हे काम घरी, स्वतःच्या हातानं, नीट होतं असा माझा अनुभव आहे. फक्त क्रम चुकवू नका. पाय का पडले ते आधी बघा, मग उंची मोजा, मग रबर निवडा आणि सगळ्यात शेवटी गोंद. बहुतेक जण गोंदापासून सुरुवात करतात, त्यामुळे महिन्याभरात नवा पायही पडतो.

तुमचे दोन पाय समोरासमोरच्या कोपऱ्यांतले गेले आहेत. यात त्रास सगळ्यात जास्त होतो. उरलेल्या दोन पायांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर पूर्ण लॅपटॉप तोलला जातो. डाव्या हाताचा दाब पडला की एक कोपरा खाली जातो, उजव्याचा पडला की दुसरा. प्रत्येक वेळी बेस किंचित पिळवटतो. जुन्या प्लॅस्टिक बेसमध्ये हा पीळ स्क्रूच्या बुडाशी असलेल्या पितळी नटांवर आणि बिजागरीच्या बाजूच्या कोपऱ्यांवर येतो. असा लॅपटॉप वर्षभर वापरला की नट प्लॅस्टिकमधून सुटतात, स्क्रू नुसता फिरत राहतो आणि मग खरोखरच बेस बदलायची वेळ येते. लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर टेबलाला बसणारे धक्के तिच्यापर्यंत जाऊ न देण्याचं कामही हे रबरच करतं.

आता पंखा. लॅपटॉप उलटा करून पंख्याच्या जागी बेसला जाळी किंवा फटी आहेत का ते बघा. असतील तर थंड हवा तिथूनच आत ओढली जाते. पायांमुळे टेबल आणि बेस यांच्यात जी २ ते ४ मिलिमीटरची फट राहते, तोच त्या हवेचा रस्ता. पाय गेला की त्या बाजूची फट जवळजवळ बंद होते आणि पंखा नुसताच जोर लावतो. पण हे सगळ्या लॅपटॉपांना लागू नाही. २०१२ चा १३ इंची मॅकबुक प्रो घ्या. त्याचा ॲल्युमिनियमचा तळ पूर्ण बंद आहे, हवेची ये-जा बिजागरीजवळच्या फटीतून होते. तिथे पाय गेल्याचा तोटा म्हणजे डुलणं आणि तळावर ओरखडे, तापमानाशी त्याचा फारसा संबंध नाही.

तुमच्याकडे पंख्याचा जोर पायामुळेच आहे का, हे पाय बसवण्याआधीच कळू शकतं. जाळी उघडी राहील अशा बेतानं लॅपटॉपच्या चारही कोपऱ्यांखाली सारख्या जाडीचे चार ठोकळे ठेवा आणि नेहमीचं काम पंधरा-वीस मिनिटं करा. पंखा शांत झाला तर दोष पायांचा. तसाच ओरडत राहिला तर आत धूळ साचली आहे किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर नेणारा लेप, सुकली आहे. इतक्या जुन्या मशीनमध्ये बहुधा दोन्ही असतं. ते काम वेगळं आहे, नवे पाय लावून ते सुटणार नाही.

इथून पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासाच, कारण ती सुरक्षिततेची आहे. डुलणारा प्रत्येक लॅपटॉप पायामुळेच डुलतो असं नाही. बॅटरी आत बसवलेली असेल आणि फुगली असेल तर तळाला पोट येतं. लॅपटॉप त्या पोटावर टेकतो, पाय अधांतरी राहतात आणि ओढाताणीत निसटतात. बंद लॅपटॉप उलटा ठेवा आणि तळावर स्टीलची पट्टी आडवी, उभी, तिरपी अशी धरून बघा. पट्टी मध्ये टेकून कडांना उचलली जात असेल, टचपॅड वर आलेला वाटत असेल किंवा त्याचं क्लिक दबत नसेल, तर पायांचं काम तिथेच थांबवा. चार्जिंग बंद करा, तळ दाबून सपाट करायचा प्रयत्न करू नका, हेअर ड्रायर तर मुळीच लावू नका. दुकानात नेऊन आधी बॅटरी काढून घ्या आणि ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

पट्टी सपाट बसली तर बेसचे सगळे स्क्रू जागेवर आहेत का तेही बघून घ्या. सेकंड-हँड मशीनमध्ये दोन-चार स्क्रू हमखास कमी असतात. एखादा कोपरा स्क्रूअभावी अर्धा मिलिमीटर उघडा राहिला तरी लॅपटॉप डुलतो, आणि मग कितीही मापून पाय लावले तरी मेळ बसत नाही.

पाय पडतात कशामुळे, तर मुख्य कारण म्हणजे लॅपटॉप उचलून ठेवण्याऐवजी टेबलावर सरकवणं. गोंद सरळ वर ओढल्यावर बराच जोर सहन करतो, पण आडव्या ओढीला तो हळूहळू घसरतो. त्यात तळ गरम असतो, म्हणजे गोंद मऊ झालेला असतो. म्हणून पंख्याजवळचा, म्हणजे बहुधा मागचा पाय आधी जातो. पडलेल्या पायाच्या जागी गोंदाचा काळा थर एका बाजूला ओघळल्यासारखा दिसला तर समजा, तो असा सरकत सरकत गेलेला आहे.

दुसरं कारण रबराचंच आहे. काही पाय पॉलियुरेथेनचे असतात. त्यातल्या काही जाती दमट हवेत वर्षानुवर्षं राहिल्या की आतून विघटित होतात. आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग बोटाला काळं लागतं, शेवटी पाय डांबरासारखा पसरतो. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईत बॅगेत पडून राहिलेल्या जुन्या लॅपटॉपांमध्ये हे हमखास दिसतं. तुमच्या उरलेल्या दोन पायांवर नख दाबून बघा. नखाची खूण पटकन भरून आली तर रबर अजून जिवंत आहे. खूण तशीच राहिली किंवा नखाला चिकट लागलं तर तेही काढायचेच आहेत. खरं तर रबर चांगलं असलं तरी माझा सल्ला चारही बदलायचा आहे. दहा वर्षं दबलेला, झिजलेला पाय आणि कोरा पाय यांची उंची एक नसते, आणि या कामाचं यश सगळं त्या उंचीवर आहे.

तर उंची. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तमच, नसेल तर घरातली जुनी एटीएम कार्डं काढा. बँकेच्या कार्डाची जाडी जगभर एकच ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर. म्हणजे चार कार्डं मिळून जवळपास ३ मिलिमीटर. फक्त उठावदार अक्षरं नसलेला भाग मापासाठी वापरा. लॅपटॉप उलटा ठेवा. शाबूत असलेल्या पायाच्या दोन्ही बाजूंना कार्डांच्या सारख्या चळती रचा आणि त्यांवर स्टीलची पट्टी आडवी टेकवा. पट्टी पायाला जेमतेम स्पर्श करून दोन्ही चळतींवर बसली की तेवढी उंची. मधलं माप काढायला साधा ए-फोर कागद घाला. ८० जीएसएमच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. हे माप पुढच्या आणि मागच्या पायाचं वेगवेगळं घ्या. कित्येक लॅपटॉपांत मागचे पाय पुढच्यांपेक्षा मुद्दाम उंच दिलेले असतात, म्हणजे कीबोर्डला उतार मिळतो आणि मागे हवा खेळते. तुमच्याकडे योगायोगानं एक पुढचा आणि एक मागचा असे दोन्ही नमुने शिल्लक आहेत. ते काढून टाकण्याआधी मापून, लिहून ठेवा.

मग पडलेल्या पायाची जागा बघा. तिथे गोल खळगा असेल तर त्याची खोली आणि व्यास मोजा. खोली मोजायला कार्डाचे छोटे तुकडे खळग्यात टाकून बेसच्या पातळीला आणा. एक उदाहरण घेऊ. खळगा एका कार्डाइतका, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर खोल. शाबूत पाय बेसच्या वर तीन कार्डं, म्हणजे साधारण २.३ मिलिमीटर. एकूण जाडी झाली ३.१. त्यातून पाय चिकटवायच्या टेपची जाडी वजा करा. बाजारात नेमक्या ३.१ चे पाय शोधत बसू नका. चारही ३.५ चे लावले तर लॅपटॉप सगळीकडून ०.४ मिलिमीटर वर उचलला जाईल, त्यानं काही बिघडत नाही, उलट हवेला थोडी जास्त जागा मिळते. बिघडतं ते एक ३.५ आणि बाकीचे २.८ असल्यावर. पुढचे दोन एकमेकांसारखे, मागचे दोन एकमेकांसारखे, एवढं काटेकोर पाळा. एकच अपवाद आहे. ऑफिससाठी बनवलेल्या काही जुन्या लॅपटॉपांना तळाशी डॉकिंगचा, म्हणजे मॉनिटर-कीबोर्ड जोडलेल्या बैठकीवर (डॉकवर) बसवायचा, लांब कनेक्टर असतो. तो तुम्ही वापरत असाल तर उंची मूळच्या इतकीच हवी, नाहीतर लॅपटॉप डॉकवर पूर्ण बसणार नाही.

खळग्याचा व्यास का महत्त्वाचा, तेही सांगतो. खळग्यात घट्ट बसलेल्या पायाला आडवी ओढ लागली की ती खळग्याच्या भिंतीवर जाते, गोंदावर कमी येते. खळगा १४ मिलिमीटरचा आणि पाय ८ चा असेल तर भिंतीचा काही उपयोग नाही, सगळा भार गोंदावर. म्हणून व्यास खळग्यापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी, फार तर एक, इतकाच फरक ठेवा. आणि खळग्यापेक्षा मोठा पाय वरून चिकटवू नका. तो फक्त कडेवर टेकतो, मध्ये हवा राहते आणि पंधरा दिवसांत निघतो.

आता रबर कुठून आणायचं. दुकानदाराचं ‘सुटे येत नाहीत’ हे सरसकट खरं नाही. एचपीच्या दुरुस्ती पुस्तिकांमध्ये बहुतेक मॉडेलांसाठी रबर किट नावाचा वेगळा पार्ट दिलेला असतो. लेनोवोच्या हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये पाय अनेकदा किरकोळ भागांच्या किटमध्ये सापडतात. या पुस्तिका कंपन्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. तळावरच्या स्टिकरवरून नेमकं मॉडेल घ्या आणि पार्ट नंबरनं शोधा. इतक्या जुन्या मॉडेलचा पार्ट कंपनीकडे शिल्लक असेलच असं नाही, पण त्याच नंबरनं ऑनलाइन विकणारे सापडतात. दुसरा रस्ता भंगार मशीनचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, अशा ठिकाणी जुन्या लॅपटॉपचे सुटे बेस पडलेले असतात. पण जुन्या बेसवरचे पायही तुमच्या पायांइतकेच म्हातारे असतात. नख दाबून बघितल्याशिवाय घेऊ नका.

मी स्वतः बहुतेक वेळा तिसरा रस्ता धरतो, तो म्हणजे तयार चिकट बंपर. थ्रीएम कंपनीचे बम्पॉन नावाचे पॉलियुरेथेनचे पाय मिळतात, मागे गोंद लावलेलाच असतो. त्यातला एसजे-५३१२ हा १२.७ मिलिमीटर व्यासाचा, ३.५ मिलिमीटर उंचीचा आणि वरून सपाट आहे. लॅपटॉपच्या मागच्या पायांना हा बऱ्याचदा चालून जातो. एसजे-५३०२ हा ७.९ चा आणि फक्त २.२ उंच, पण अर्धगोल आहे. कपाटाच्या दारासाठी हार्डवेअरच्या दुकानात जे पारदर्शक थेंब मिळतात ते साधारण याच आकाराचे. अर्धगोल पाय टेबलाला एका ठिपक्याएवढाच टेकतो, त्यामुळे पकड कमी मिळते आणि लॅपटॉप सरकतो. शक्य असेल तिथे सपाट डोक्याचाच घ्या.

माप कशातच जुळत नसेल तर रबर शीट आणा. गॅस्केट आणि ऑइल सील विकणाऱ्या दुकानात निओप्रीन किंवा नायट्राइलची २, ३, ४ मिलिमीटरची शीट वितभर तुकड्यातही देतात. चामड्याला भोक पाडायचा गोल पंच आणि हातोडी एवढ्यावर हव्या त्या व्यासाची चकती निघते. खाली लाकडी फळी ठेवा, शीटवर पाण्याचा थेंब टाका, पंच सरळ उभा धरा आणि एकाच घावात कापा. दोन-तीन घावांत कापलेल्या चकतीची कड तिरकी होते. शीटला कारखान्यातली पांढरी पावडर लागलेली असते. चिकटवायची बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडून पुसल्याशिवाय त्यावर कोणताही गोंद धरत नाही. हे खरवडणं लोक टाळतात. चकती पडण्याचं तेच पहिलं कारण ठरतं.

खोडरबराबद्दल स्वतंत्र सांगावं लागेल, कारण हा उपाय घरोघरी सुचतो. पांढरं मऊ खोडरबर बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. कंपासपेटीत खोडरबर प्लॅस्टिकच्या पट्टीला चिकटून तिला खड्डा पाडतं ते या द्रव्यामुळे. लॅपटॉपच्या बेसलाही ते हेच करू शकतं, आणि गोंदालाही पातळ करतं. हवाई चपलेचा फोम काही आठवड्यांत दबून अर्धा होतो. सायकलची ट्यूब जेमतेम मिलिमीटरभर जाड, तिचे थर एकावर एक चिकटवून पाय केला तर थर एकमेकांवरून सरकतात. सिलिकॉनचे पाय दिसायला छान असतात, पण सिलिकॉनला साधा गोंद धरत नाही. ते मागे कारखान्यातच गोंद लावून आलेले असतील तरच घ्या. सुट्ट्या पायावर सेलोटेप चिकटवून ओढा. टेप अजिबात न अडता सुटली तर ते सिलिकॉन आहे, ठेवून द्या. फर्निचरखाली लावायचे नमदेही नकोत, ते सरकण्यासाठीच बनवलेले असतात.

गोंदाकडे येऊ. फेविक्विक नको म्हणतो त्याची कारणं साधी आहेत. तो पाण्यासारखा पातळ असतो आणि बारीक फटीत आपोआप ओढला जातो. खळग्यात स्क्रू असेल तर त्याच्या आट्यांत शिरून तो स्क्रू कायमचा बसवून टाकतो. सुकल्यावर काचेसारखा कडक होतो, रबर मात्र लवचीक, त्यामुळे डोलण्याच्या पहिल्या काही झटक्यांत जोड तडकतो. त्याची वाफ आजूबाजूला पांढरे डाग सोडते. आणि पुढच्या वेळी तो थर खरवडायला गेलात की बेसचं प्लॅस्टिक निघतं. हॉट ग्लू उष्णतेनं मऊ होतो आणि आपला तळ गरम होणारच. स्टेशनरीतली जाड फोमची डबल-साइड टेप आडव्या ओढीला फाटते.

खळगा सपाट आणि स्वच्छ असेल तर पातळ ॲक्रिलिक टेप मला सगळ्यात भरवशाची वाटते. थ्रीएमची ४६८एमपी ०.१३ मिलिमीटर जाडीची आहे. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ३००एलएसई ही टेप असतेच, तीही चांगली. खळगा खोल असून जाडी भरून काढायची असेल तर थ्रीएमचीच व्हीएचबी ५९५२ ही टेप घ्या, ती १.१ मिलिमीटरची आणि काळी असते. खळग्याचा तळ खडबडीत, आधीच्या कुणी खरवडलेला किंवा गोलसर असेल तर टेप पूर्ण टेकत नाही. तिथे बी-७००० हा मोबाइल स्क्रीन चिकटवायचा गोंद वापरा. त्याचाच काळा प्रकार टी-७०००. हे सुकल्यावरही रबरासारखे लवचीक राहतात आणि पुढे कधी काढायचे झाले तर हेअर ड्रायरच्या उष्णतेनं सुटतात. पुढच्या दुरुस्तीवाल्याचा विचार करणारा गोंद मला नेहमी जवळचा वाटतो.

प्रत्यक्ष काम करताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, स्लीप मोडमध्ये ठेवलेला चालणार नाही. ॲडॉप्टर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा. बॅटरी काढली की तिच्याकडे नीट बघा. काही जुन्या मॉडेलांत मागचे पाय बेसवर नसून बॅटरीच्या तळावरच असतात, आणि बदली म्हणून घेतलेल्या स्वस्त बॅटरीला ते नसतात किंवा उंचीला कमी असतात. तसं असेल तर पाय बॅटरीवरच लावायचे. तिथे ड्रायरची उष्णता देऊ नका.

मऊ टॉवेलवर लॅपटॉप उलटा ठेवा. जुने पाय ड्रायरनं अर्धा-एक मिनिट कोमट करा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं हळूहळू उचला. ब्लेड, चाकू, स्क्रू ड्रायव्हर नको, ओरखडा राहतो आणि हातही कापतो. मागे राहिलेला चिकट थर अंगठ्यानं घोळवत काढा, बराचसा गोळी होऊन निघतो. उरलेल्यावर कापसाच्या काडीनं निलगिरीचं तेल लावून दोन मिनिटं थांबा आणि पुसा. निलगिरीचा तेलकटपणा राहतो, म्हणून त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, दर वेळी कापडाची कोरी बाजू घेऊन, कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसा. काडी ओली हवी, टपकती नको, कारण खळग्याशेजारीच आत जाणारी फट असू शकते. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांना हात लावू नका. बहुतेक बेस एबीएस आणि पॉलिकार्बोनेटच्या मिश्रणाचे असतात आणि ॲसिटोन लागलं की ते पांढरे पडतात, विरघळतात, पुढे तडकतात. अल्कोहोलनं पुसल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल दिसत नाही, पण गोंदाला ते पुरतं.

खळग्यात स्क्रू असेल तर त्याच्या डोक्यावर तेवढ्याच आकाराचा कागदी टेपचा तुकडा लावा, मग पाय चिकटवा. पुढे कुणी उघडेल तेव्हा स्क्रूमध्ये गोंद भरलेला नसेल.

टेपची चकती पायाच्या व्यासाइतकीच कापा आणि आधी पायाला लावा. चिकटवण्याआधी खळगा ड्रायरनं जरासा कोमट करा. पावसाळ्यात तर हे नक्कीच करा, म्हणजे पृष्ठभागावरची ओल उडून जाते. पाय मधोमध धरून एकदाच बसवा. उचलून परत लावलेल्या टेपची पकड कमी होते. मग अंगठ्यानं सरळ खाली, हात न हलवता, वीस-तीस सेकंद दाबा. या टेपांचा गोंद पृष्ठभागात हळूहळू बसत जातो. दाबून टाकल्यावर साधारण वीस मिनिटांत निम्मी पकड येते, २४ तासांत नव्वद टक्के आणि पूर्ण ताकद यायला ७२ तास लागतात. म्हणून काम रात्री करा आणि लॅपटॉप दुसऱ्या रात्रीपर्यंत उलटाच राहू द्या. बी-७००० लावला असेल तर दोन दिवस. लगेच सरळ करून टेबलावर ठेवलात की आडवी ओढ अर्धवट गोंदावर येते, आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

गोल पायांऐवजी तळाला आडव्या लांब पट्ट्या असलेले लॅपटॉप, उदाहरणार्थ एचपीचे कित्येक १५ इंची, यांची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे पट्टीखाली बेसचे स्क्रू लपवलेले असतात, म्हणजे रॅम किंवा डिस्क बदलताना पट्टी काढावीच लागते. घाईत ओढलेली पट्टी ताणून लांब होते आणि मग खाचेत मावत नाही, मध्ये फुगा येतो. म्हणून पूर्ण पट्टी कोमट करून एका टोकापासून, तळाशी अगदी सपाट कोन ठेवून सोलायची. ताणली गेलीच असेल तर टोक कापून बसवण्यापेक्षा नवी पट्टी घ्या, कारण टोकांचा गोलाकार खाचेत अडकूनच ती जागेवर राहते.

पूर्ण वेळ झाला की लॅपटॉप काचेच्या टीपॉयवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा. घरातलं लाकडी टेबल या तपासणीसाठी धरू नका, ते स्वतःच क्वचित सपाट असतं. ए-फोर कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा आणि प्रत्येक पायाखाली सरकवून बघा. चारही ठिकाणी कागद अडला तर काम झालं. एखाद्या पायाखालून तो सहज निघून गेला तर दुसरा कागद दुमडून दोन-तीन पदर घालत जा, जितक्या पदरांना अडेल तितकी उंची कमी आहे. दोन पदर म्हणजे ०.२ मिलिमीटर. एवढा फरक मुलीला टाइप करताना जाणवणार नाही, आणि आठवड्याभरात रबर थोडं दबून तो बहुधा मिटतोही. चार पदर किंवा जास्त निघाले तर बेसच थोडा वाकलेला आहे असं समजा. तो वाकवून सरळ करायला जाऊ नका. तेवढा एक पाय काढा, खळगा पुन्हा अल्कोहोलनं पुसा आणि कमी पडलेल्या जाडीइतके पातळ टेपचे थर वाढवून तो परत बसवा.